वायरचा की वायरलेस

बसा. चहा येईपर्यंत माझी फजिती मीच सांगून टाकतो. नाहीतरी माझा मेहुणा नागनाथ ती लातूरभर सांगत फिरतोय, आणि त्याच्या तोंडून ऐकलीत तर मी आहे त्याहून जास्त वेडा वाटेन. तशी त्यात वाढ करायला फारशी जागा नाही, पण नागनाथ जागा काढतो.

गोष्ट आहे एका माउसची. कॉम्प्युटरच्या माउसची. एकाची कुठली, दोन माउसची. आणि दोन्ही मी आंधळे केले.

थांबा, असं शेवटाकडून नको. पहिल्यापासून सांगतो.

तुम्हाला माहीत आहे, मी नांदेडात एकटा राहतो. शैलजा गेली त्याला वर्ष होऊन गेलं. मुलगी शिवानी पुण्याला नोकरीला. आई-लेकीचं रोज तासभर फोनवर चालायचं. काय बोलायच्या देव जाणे. पलीकडच्या खोलीतून मला फक्त हसणं ऐकू यायचं. शेवटी शैलजा फोन माझ्या हातात द्यायची, मी ‘बरी आहेस ना’ म्हणायचो, ती ‘बरी आहे अप्पा’ म्हणायची, की माझा वाटा संपला. मला वाटायचं, मी मुलीशी रोज बोलतो.

शैलजा गेल्यावर कळलं की माझ्याकडे तो शेवटचा अर्धा मिनिटच होता.

‘जेवलात का अप्पा?’

‘जेवलो. तू?’

‘जेवले.’

‘बरं.’

‘बरं.’

मग दोघंही फोन कानाला धरून बसायचो. तिकडे तिचा पंखा फिरताना ऐकू यायचा, इकडे माझा. चाळीस वर्षं मराठी शिकवली मी. पुस्तकं लिहिली. आणि पोटच्या पोरीशी बोलायला ‘जेवलो’च्या पुढचं क्रियापद सापडत नव्हतं.

अशात एका रविवारी ती सहज म्हणाली की दुपारी ती, रोहित आणि तन्वी मिळून ऑनलाइन गेम खेळतात. हे दोघं तिच्या ऑफिसातले. चौघांची टीम लागते. एका ओसाड गावात उतरायचं, बंदुका शोधायच्या, आणि बाकीच्या टीम संपवायच्या. त्यांचा चौथा परदेशी गेला होता. ती गंमतीत म्हणाली, ‘तुम्हीच या अप्पा चौथे.’

मी ‘येतो’ म्हणालो. इतक्या चटकन म्हणालो की तिनं पुन्हा विचारलं, ‘काय म्हणालात?’

तिचा जुना लॅपटॉप घरी होताच. तिनं फोनवरून सगळं बसवून घेतलं. कानाला हेडफोन लावून मी जेवणाच्या टेबलावर बसलो. गेम सुरू झाला. पडद्यावर चार माणसं पळत होती आणि त्यातला मी कोण हे शोधण्यात मी गुंतलो होतो, तेवढ्यात त्यातला एक मेला. तोच मी होतो.

शिवानी हसली.

नुसती हसली नाही, खो खो हसली, श्वास अडकेपर्यंत. पलीकडच्या खोलीतून यायचं तेच हसणं, पण या वेळी ते माझ्या कानात होतं. मरण्यात इतकं समाधान असतं, असं कुणी आधी सांगितलं असतं तर मला पटलं नसतं.

मग काय, दर रविवारी मी मरायला लागलो. मधल्या दिवसांत त्यावर बोलणं व्हायचं. कुठे चुकलो, कुठे लपायला हवं होतं. दहा मिनिटं, पंधरा मिनिटं. ‘जेवलात का’ विचारायचं ती विसरायलाच लागली.

पण सुखाला रोहितची नजर लागली. तसा पोरगा चांगला आहे, मला ‘अंकल’ म्हणतो. त्यानं टीमचं नाव एका स्पर्धेत घातलं होतं. आणि त्याला चौथा असा हवा होता, ज्याला शत्रू आणि दिव्याचा खांब यातला फरक कळतो. त्याचा एक मित्र तयारही होता. शिवानीनं माझी बाजू घेतली. म्हणाली, अप्पांचा माउस खराब आहे म्हणून असं होतं, नवा आला की बघा.

आता, माउस खराब होता हे खरं. त्याचं बटण कधी लागायचं, कधी नाही, आणि त्याच आठवड्यात ते कायमचं बसलं. पण माझं मरणं माउसमुळे होतं, हे तिनं रोहितला सांगितलेलं धडधडीत खोटं होतं. मुलीनं माझ्यासाठी खोटं बोलावं! मला भरून आलं. पण आता नव्या माउसनं ते खोटं खरं करून दाखवायचं होतं. नाहीतर चौथा दुसरा येणार, आणि मी परत ‘जेवलो, तू?’वर.

‘अप्पा, गेमिंगचा माउस घ्या,’ ती म्हणाली. ‘वायरचा घ्यायचा की वायरलेस, ते ठरवा.’

आणि तिनं मला फरक समजावून सांगितला. वायरच्याला सेल लागत नाही, ऐनवेळी दगा देत नाही, पण वायर घासते, अडकते, हात ओढल्यासारखा होतो. वायरलेस मोकळा, हलका, पण चार्जिंग संपलं की खेळ संपला. पूर्वी वायरलेस जरा उशिरानं हलायचा, आता चांगल्यातला घेतला तर तसं काही होत नाही. हे सगळं सांगायला तिला अर्धा तास लागला. तिची आई होती तेव्हाही आम्ही सलग अर्धा तास बोललो नव्हतो.

मला उत्तर पहिल्याच दिवशी कळलं होतं. पण ठरवून टाकलं तर उद्या काय बोलायचं?

म्हणून मी ठरवलं नाही. दुसऱ्या दिवशी विचारलं, वायर टेबलाच्या कडेला घासून तुटली तर? तिसऱ्या दिवशी, उन्हाळ्यात सेल तापतात का? नांदेडचा उन्हाळा तुम्हाला माहीत आहे. त्या पोरीनं त्यावर वाचून मला उत्तर दिलं. मग वजन. मग हाताला घाम आला तर. एखाद्या मुलीचं स्थळ बघताना आम्ही इतक्या चौकशा केल्या नसत्या. शेवटी तीच म्हणाली, ‘अप्पा, रविवार जवळ आला. घ्या आता कुठलाही.’

गेलो आमच्या बाजारपेठेत, वजिराबादेत. मुनीरभाईचं छोटं दुकान आहे, शिवानीचा लॅपटॉप तिथूनच घेतला होता. मी वायरचं नाव काढल्यावर त्यानं माझ्याकडे अशा नजरेनं पाहिलं, जणू मी शाईची दौत मागितली.

‘वायर कौन लेता अब, सर? ये लेके जाव. मख्खन चलता.’

त्यानं काचेच्या काउंटरवर एक पुठ्ठा टाकला आणि त्यावर माउस चालवून दाखवला. खरंच लोण्यासारखा चालत होता. हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. हे लक्षात ठेवा, कारण माझ्या लक्षात राहिलं नाही.

घरी आणला. खोक्यातून काढला. आणि हात थांबला.

आमच्या घरात नवी वस्तू अशीच वापरायला काढत नाहीत. शैलजा उदगीरच्या लिंगायत व्यापाऱ्यांच्या घरातली. माहेरी दुकान उघडलं की तराजूला विभूती, गल्ल्याला विभूती, मग गिऱ्हाईक. इथेही तेच चालायचं. विभूतीची वडी ओल्या बोटांनी चोळायची आणि तीन बोटांचे तीन पट्टे वस्तूवर ओढायचे. फ्रीजला लावली, मिक्सरला लावली, माझ्या स्कूटरला लावली. गॅसच्या सिलिंडरलाही लावायची, आणि सिलिंडर तर दर महिन्याला नवा. मी हसायचो. ती म्हणायची, ‘हसा. पण आजवर एक तरी फुटला का?’

ती गेल्यापासून घरात नवीन वस्तू आलीच नव्हती. हा माउस पहिलाच. न लावता कसा वापरू? आणि या माउसवर तर माझं सगळं अवलंबून होतं.

देवघरातून वडी काढली, बोटं ओली केली, तीन पट्टे भरण्याइतकी विभूती घेतली. पण लावू कुठे? वर सगळीकडे बटणं. फटीत ओलं गेलं तर? शिवाय व्हिडिओवर शिवानीच्या मित्रांना दिसलं तर ते हसतील, आणि लाज माझी नाही, तिची जाईल. मग मी माउस उलटा केला. आणि पाहतो तर खालची बाजू सपाट, स्वच्छ, बरोबर तीन बोटांच्या रुंदीची. जणू कारखान्यानं त्यासाठीच ठेवली होती. मध्यभागी एक छोटा लुकलुकणारा खळगा होता. तिथे तर आवर्जून दाबून लावली, कपाळाच्या मधोमध लावतात तशी.

तुम्ही आत्ताच का हसताय? मला तेव्हा कुणी सांगणारं नव्हतं.

रविवार आला. गेम सुरू झाला. माझा माणूस पुढे चालायचा, कारण चालणं कीबोर्डवर होतं. गोळी सुटायची, कारण बटण चालत होतं. फक्त मान वळत नव्हती. माउस डावीकडे ओढा, उजवीकडे ओढा, टेबलाच्या टोकापर्यंत न्या, पठ्ठ्या समोर बघतोय. समोर एक भिंत आली. तो भिंतीत चालत राहिला.

‘अप्पा, भिंतीशी काय करताय?’

‘जातोय.’

‘अंकल, मागून येताहेत. वळा, वळा.’ हा रोहित.

‘वळतोय.’

मागून आले. मी भिंतीला चार गोळ्या मारल्या आणि गेलो. या वेळी कुणी हसलं नाही. रोहित तन्वीला हळूच काहीतरी म्हणाला, आणि माझा कान नेमका अजून तिखट आहे. ‘पुढच्या रविवारी स्पर्धा आहे,’ असं ते वाक्य संपत होतं.

शिवानी म्हणाली, ‘माउस बघून घ्या अप्पा.’ आवाज आईसारखा. सिलिंडर संपत आला की शैलजा असंच बोलायची.

मी मुनीरभाईला फोन लावला. तो म्हणाला सेल बदला. बदलला. म्हणाला टेबलावर काच असेल, काच काढा. ती काच जड. शेजारच्या जोशी सरांना बोलावून दोघांनी काढली. काचेवर माउस चालत नसतो म्हणे. लाकडावरही चालला नाही. रेक्झिन टाकलं, वर्तमानपत्र टाकलं, शैलजाची सतरंजी टाकली. एका दुपारी मी तो जमिनीवर, भिंतीवर आणि माझ्या मांडीवर चालवून पाहिला. बाण पडद्याच्या मधोमध गप्प उभा होता. घरातलं आणखी एक जण माझ्याशी बोलत नव्हतं.

शेवटी मी नागनाथला फोन केला. नागनाथ शैलजाचा धाकटा भाऊ, लातुरात त्याची धान्याची आडत आहे. शुक्रवारी त्याला नांदेडच्या मोंढा बाजारात काम होतंच. एसटीतून उतरला तो हातात पिशवी घेऊन. पिशवीत वायरचा माउस.

‘दाजी, मी तेव्हाच म्हणालो होतो,’ तो म्हणाला. तो काहीही म्हणाला नव्हता. ‘बिनवायरच्या गोष्टीवर माझा भरवसा न्हाई. फ्रीजला वायर हाय, मोटरीला वायर हाय. करंट काय वाऱ्यावर येतो का?’

‘मोबाईल?’

‘म्हणून तर बोलता बोलता कट होतो.’

मी खोकं उघडायला लागलो तर त्यानं हात धरला. ‘असंच काढून राहिलात? अक्का असती तर लावली असती का न्हाई?’ आणि तो स्वतः देवघरात गेला. मी त्याला पहिल्याला कुठे लावली होती ते दाखवलं. त्याला ते पटलं. ‘बराबर. खाली कुणाच्या डोळ्यावर येत न्हाई,’ म्हणाला, आणि आडतदाराच्या जाडजूड बोटांनी त्यानं तिथे तीन पट्टे असे ओढले की माउसचं बूड दिसेनासं झालं.

वायर जोडली. बाण हलला नाही.

मी हलवून पाहिलं. नागनाथनं हलवून पाहिलं. त्यानं वायर उपटून पुन्हा खुपसली, फुंकर मारली, पुन्हा खुपसली. मग खुर्चीवर मागे टेकून तो माझ्याकडे फार कळवळ्यानं बघायला लागला.

‘दाजी, दोन माउस एकदम खराब नसतात. तुमचा हात दाखवा बरं.’

‘का?’

‘आमच्या शेजारी एकाला असंच झालं होतं. आपण हलवून राहिलो असं त्याला वाटायचं, पण हात जागेवरच. बारीकसा लकवा.’

मी हात समोर धरला. तो थरथरत होता, पण तो लकव्यामुळे की लकव्याच्या नावानं, हे कसं कळणार? नागनाथनं मला मुठी वळायला लावल्या, जीभ बाहेर काढायला लावली, डावा डोळा मिटायला लावला. एवढं सगळं केलं, पण नागनाथच्या हातानंही माउस हलत नव्हता, आणि एकाच दुपारी, एकाच टेबलावर, दाजी-मेहुण्याला मिळून लकवा होणार नाही, हे आम्हा दोघांपैकी कुणालाही सुचलं नाही. दोघंही शिकलेले आहोत. तो बी.कॉम. आहे.

नागनाथ संध्याकाळच्या गाडीनं गेला. जाताना म्हणाला, सोमवारी डॉक्टरकडे जाऊ, मी येतो. मी उंबऱ्यात उभा राहिलो. मला लकव्याचं काही वाटलं नाही, खरं सांगतो. मला वाटलं, संपलं. रविवारी पोरगी फोन करेल, म्हणेल राहू द्या अप्पा. आणि पुढच्या रविवारी म्हणेल, जेवलात का.

शनिवारी तिचा व्हिडिओ कॉल आला. मी तिला लकव्याचं सांगितलं नाही, फक्त म्हणालो की दोन्ही माउस गेले, रोहितच्या त्या मित्राला घ्या. ती म्हणाली, ‘खालचा लाईट लागतो का? उलटा करून दाखवा.’

मी वायरलेस उलटा करून कॅमेऱ्यासमोर धरला.

तिचा चेहरा जागच्या जागी थांबला. ओठ अर्धवट उघडे, पापणीही लवत नव्हती. मला वाटलं नेट अडकलं. मी म्हणालो, ‘शिवानी? आवाज येतोय का?’

‘दुसरा दाखवा,’ ती म्हणाली. म्हणजे नेट ठीक होतं.

दुसरा दाखवला. नागनाथचे जाड पट्टे.

‘अप्पा,’ ती फार हळू म्हणाली, ‘माउसला डोळा असतो. त्यानं त्याला खालचं दिसतं, म्हणून तो हलतो. तो खाली असतो. तुम्ही त्याचा डोळा लिंपलाय.’ मग जरा थांबून, ‘दोन्हींचा.’

आणि तिनं फोन टेबलावर उपडा ठेवला. पडदा काळा झाला. नुसता आवाज येत होता. हसत होती. मग त्या आवाजाचं काय झालं ते मला नीट कळलं नाही. मी माउस हातात धरून बसून होतो. एक वायरचा, एक बिनवायरचा.

फोन उचलला तेव्हा तिचं नाक लाल होतं. ‘आईनं माझ्या लॅपटॉपला लावली होती. पुण्याला निघाले त्या दिवशी. मी गाडीतच पुसली, मुली हसतील म्हणून.’

मी विचारलं, ‘मग आता हीपण पुसू?’

‘पुसा. पण हळू.’

त्या दिवशी आम्ही माउसवर बोललो नाही. शैलजावर बोललो. सिलिंडरवर. किती वेळ ते सांगत नाही, पण माझी भाजी करपली.

दुसऱ्या दिवशी स्पर्धा. वायरचा घेतला, ऐनवेळी सेल जायला नको म्हणून. पुसलेला, चकचकीत. रोहितला शिवानीनं काय सांगितलं होतं कोण जाणे, पण तो मला अगदी गोड आवाजात ‘रेडी अंकल?’ म्हणाला. आणि विश्वास ठेवा, सुरुवात झकास झाली. मी चाललो, लपलो, एका खिडकीतून एकाला चक्क लोळवलं. तन्वी ‘वा अंकल’ म्हणाली. शेवटी दोनच टीम उरल्या. एका घरात मी, आणि माझ्या शेजारी दारामागे दबा धरलेली शिवानी. ती आमच्यातली सगळ्यात तरबेज.

मागे पावलं वाजली. शिवानी कुजबुजली, ‘अप्पा, मागे.’

आता आठवडाभर मी आंधळा माउस ओढला होता. हाताला सवय लागली होती टेबलाच्या टोकापर्यंत खेचायची. तसाच खेचला. पण या वेळी माउसला दिसत होतं. माझा माणूस भोवऱ्यासारखा गरकन फिरला, पूर्ण फिरला, त्याहून थोडा जास्त फिरला, आणि घाबरून मी बटण दाबलं ते दाबूनच धरलं.

पडद्यावर शिवानी खाली पडली.

या गेममध्ये आपल्याच माणसाला गोळी लागते, ही माहिती मला त्या क्षणी मिळाली. हेडफोनमध्ये एकदम शांतता. रोहितचा श्वासही ऐकू येत नव्हता. पुढच्या दोन क्षणांत शत्रूनं आम्हा उरलेल्यांनाही निकालात काढलं. स्पर्धा गेली. म्हणजे चौथा चांगला हवा, ही रोहितची निकडही गेली, पण हे मला नंतर सुचलं.

त्या शांततेत, चौघांच्या कानात जाईल अशा आवाजात, माझ्या तोंडून निघालं:

‘लागलं का गं बाळ?’

पुढे काय सांगू. मी अजून त्या टीममध्येच आहे. दर रविवारी दुपारी जेवण लवकर उरकून बसतो. गेममध्ये प्रत्येकाच्या डोक्यावर त्याचं नाव लिहिलेलं असतं. रोहितनं माझं बदलून टाकलंय. आता नांदेडचा मराठीचा निवृत्त प्राध्यापक त्या ओसाड गावातून बंदूक घेऊन धावतो, आणि त्याच्या डोक्यावर ठळक अक्षरांत लिहिलेलं असतं, ‘लागलं का बाळ’. समोरचे आधी हसतात, मग मारतात.